चौकटीतलं झोपलेलं बाळ

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली आणि सासूबाई तिथून काचेची एक तसबीर काखेत मारून घरी आल्या. मला चौथा महिना होता. पोटुशीच्या डोळ्यांसमोर गोंडस बाळ असलं की मूल तसंच होतं म्हणतात, म्हणून आमच्याकडे पलंगासमोर बाळाचं चित्र लावायची पद्धत. बहुतेक घरी रांगणारा बाळकृष्ण असायचा. सासूबाईंनी आणलं ते कुठल्याशा परदेशी कॅलेंडरचं पान होतं. निळ्या वस्त्रातली मेरी आणि तिच्या मांडीवर झोपलेलं उघडं बाळ.

“कुनाचं का असंना, कूसू बग की कसं गुटगुटीत हाय,” त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. तान्ह्या बाळाला त्या कानडीतला कूसूच म्हणायच्या.

मी वरवर हसले. माझं पहिलं बाळंतपण माहेरी वैरागला झालं होतं आणि मुलगा दोन दिवसांचा होऊन गेला होता. या खेपेला सासूबाईंनी मला माहेरी धाडलंच नाही. “माज्या नजरंसमूर ऱ्हा,” एवढंच म्हणाल्या.

त्यात मी मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई. डिप्लोमाला असताना आम्हाला युरोपातल्या प्रबोधनकाळाची चित्रं शिकवणारे सर सांगायचे, ही माणसं उगाच काही काढत नसत, शोधा. आम्हीही हौसेने शोधायचो. लिलीचं पांढरं फूल दिसलं की पावित्र्य, सफरचंद दिसलं की पाप. या विषयात वर्गात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तीच हुशारी माझ्या मानगुटीवर बसली.

झोपलेलं बाळ पाहताच मला आठवलं, आईच्या मांडीवर असं सैल हात सोडून निजलेलं मूल काढलं की ते त्याच्या मरणाची सूचना असते. पुढे हाच मुलगा मरून तिच्या मांडीवर येणार, असा त्याचा अर्थ. मी मनाला बजावलं, आता आणखी बघायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतलं भिंग घरी आणलं.

सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की मी पलंगावर उभी राहून चित्र न्याहाळायची. कोपऱ्यात लाल तोंडाचा चिमुकला पक्षी सापडला. तो या बाळाच्या डोक्यावर पुढे चढणाऱ्या काटेरी मुकुटाचा आणि रक्ताचा पक्षी. मग दोन चेरी सापडल्या, तेही रक्तच. बाळाखालचं पांढरं कापड म्हणजे कफन, आणि ज्या दगडी कट्ट्याला ती टेकली होती तो कबरीचा दगड. दर आठवड्याला काही ना काही सापडायचं आणि रात्रीचं जेवण मला जायचं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने हसून उडवून लावलं असतं. सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार? त्या रोज सकाळी त्या काचेवरची धूळ पदराने पुसत.

मे महिना उजाडला. आठवा सरत आला होता. एका दुपारी माझ्या लक्षात आलं, सकाळपासून पोटात हालचाल नाही. मी पोटावर हात ठेवून बसले. एक तास गेला, दोन गेले. वीज गेलेली, पंखा बंद, अंगावरून घामाच्या धारा. समोर तो सैल हात. मला ते सहन होईना. स्टूल ओढलं, वर चढले आणि तसबीर खिळ्यावरून काढायला लागले.

“उतर आदी खाली!” सासूबाई दारात उभ्या होत्या. मला धरून त्यांनी खाली घेतलं. मी रडत रडत सगळं ओकून टाकलं. पक्षी, चेरी, कफन, कबर, आणि पोटातली शांतता. “आत्याबाई, ते बाळ मरणार आहे. तुम्ही मरणाचं चित्र लावलंय.”

त्या रागावल्या नाहीत. चष्मा लावला आणि मी सांगितलेली एकेक खूण नीट पाहिली. मग माझ्याशेजारी बसल्या.

“माजी दोन गेली, पोरी. तवा भितीवर कायबी नव्हतं. नुसता चुना.”

ही गोष्ट त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या उठल्या, फडताळातून काजळाची डबी आणली आणि काचेवर, त्या परक्या बाळाच्या गालावर, मोठी तीट लावली. मला गूळपाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं आणि पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. पाचच्या सुमाराला आतून एक लाथ बसली. ती आम्हा दोघींना एकदमच कळली.

जूनमध्ये मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, चित्रातल्या बाळासारखी मुळीच नाही. भीती मात्र गेली नाही. तिसऱ्या दुपारी ती दूध पिऊन माझ्या मांडीवर झोपली आणि तिचा हात सैल होऊन खाली लोंबला. माझी नजर थेट चित्राकडे गेली. चार महिने भिंग घेऊन मी पक्षी पाहिला, फळं पाहिली, कापडाच्या चुण्या पाहिल्या, आणि त्या बाईचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. तो आत्ता पाहिला. त्यात शोधायला काही नव्हतं. ती माझ्यासारखीच घाबरलेली होती.

मी लेकीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला. थोड्या वेळाने पुन्हा धरलं.