काहिलीतून पैनगंगा

मी मूळची लातूरची. ज्या शहराला एका उन्हाळ्यात आगगाडीनं पाणी आणून पाजलं, त्या शहराची. त्यामुळे हदगाव तालुक्यात पैनगंगेच्या काठच्या शाळेवर बदली झाली, तेव्हा भरलेली नदी नुसती दिसली तरी मी चार पावलं मागं सरायची. पोहायला तर मला आजही येत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी सातवीच्या पोरांना घेऊन गावची इतिहास-फेरी काढली. मुक्तिसंग्रामाचं भाषण पोरं दरवर्षी पाठ करायची, पण आपल्या गावात काय घडलं हे एकालाही सांगता यायचं नाही. वेशीपासून नदीपर्यंत चालायचं आणि जुन्या माणसांना विचारायचं, एवढाच बेत होता.

भोईवाड्यातल्या एक आजी, वय पंच्याऐंशीच्या पुढं, काठी टेकत आमच्याबरोबर निघाल्या. घाटावर आल्यावर त्यांनी पलीकडच्या काठाकडे काठी रोखली.

"हिकडं निजामाचं राज होतं, बाई. तिकडं न्हाई. रझाकाराच्या भ्यानं माणसं हितूनच पल्याड जायची. माझा बाप न्यायचा त्यांना."

"नावेतून?" एका पोरीनं विचारलं.

"नाव कुठली माय! नावा तर जप्त केलत्या. काहिलीतून!"

गूळ कढवायची ती लोखंडी काहील! आजी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. बाप काहिलीची कड धरून पोहायचा आणि आत ही पोरगी तांब्यानं पाणी उपसत बसायची. कुणी विचारलं तर सांगायचं, काहील धुवायला आणली.

"एका काहिलीत पाटलाची सून, मांगाची म्हातारी, वाण्याची लेकरं. गुडघ्याला गुडघा लागायचा. गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या मांडीवर वाण्याचं लेकरू निजायचं."

"आणि काहील कुणाची होती?" मी विचारलं.

"मुसलमानाच्या गुऱ्हाळाची. त्यानंच दिली. त्याला लई धमक्या आल्या, पण त्यानं तोंड उघडलं न्हाई."

आमच्या घोळक्यामागं गावातले एक शेतकरी चाचा उभे होते. पोरं कुठं चालली म्हणून सहज आले होते. ते एकदम पुढं झाले.

"बाईसाब, गुऱ्हाळ हमारे दादा का था. अन् ती काहील… ती तर आमच्या गोठ्यात हाय. म्हशी पाणी पिऊन राहिल्या तिच्यात!"

मग काय विचारता! सगळी फेरी उलट्या पावली गोठ्याकडे पळाली, आणि साडी खोचून मीही पळाले. म्हैस हुसकावली, पाणी ओतून दिलं, पोरांनी राखेनं काहील घासली. आजींनी कडेवरून हात फिरवला. एका जागी लोखंड आत दबलं होतं. तिथं त्यांची बोटं थांबली.

"हीच. हितं खडकाला धडकली होती."

मग त्या चाचांकडे वळल्या. "पोरा, एकदा बसू दे मला हिच्यात."

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, सगळं गाव घाटावर जमलं. गोठ्यात आणल्यावर काहिलीला पाडलेलं पाणी सोडायचं भोक चाचांनी लाकडी खुंटीनं बंद केलं, मी हट्टानं दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या ट्यूब बांधायला लावल्या. पोरांना काठावर बसवलं. आजींचा नातू आणि चाचांचा मुलगा पाण्यात उतरले.

"बाई, या की," आजी आत बसून म्हणाल्या. "पाणी कोण उपसणार?"

सगळी शाळा बघत होती. मी तांब्या घेतला आणि देवाचं नाव घेऊन आत बसले.

काहील सरळ जातच नाही हो, भोवऱ्यासारखी फिरते! कधी आमचा काठ समोर, कधी पलीकडचा. मी ओरडत होते, आजी हसत होत्या, काठावरची पोरं शिट्ट्या मारत होती. पाणी आत उडालं की मी वेड्यासारखी उपसायची. मधल्या धारेत माझी भीती कधी पळाली ते कळलंच नाही.

पलीकडे टेकलो, तेव्हा दोघांनी आजींना हात धरून उतरवलं. त्यांनी वाळूत पाय ठेवला आणि रडायलाच लागल्या.

"पुलावरनं शंभरदा आले. पण हिच्यातून हितं कधी उतरलेच न्हाई. बाप लगेच माघारी फिरायचा, दुसरी खेप आणायला."

आमचा गलका ऐकून त्या काठावरच्या शेतातून एक म्हातारे गृहस्थ आले. सगळं ऐकून त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला. "उतरलेल्या माणसांना माझी आई भाकरी करून घालायची. चूल त्या आंब्याखाली होती. चला, दाखवतो."

ओल्या साडीनं, अनवाणी, मी त्यांच्यामागून निघाले. आमच्या गावच्या काठावरून पोरं बोंबलत होती, "बाई, आम्हालाबी न्या!" आजी मात्र केव्हाच पुढं गेल्या होत्या, काठी काहिलीतच विसरून.