कुठली हवा?

बाबांची जुनी व्हॅन माणसाळलेली होती, फक्त तापट होती. वाशीहून कारखान्यातल्या लोकांना घेऊन बेलापूर रोडला लागली की काटा लाल पट्टीत. म्हणून एका रविवारी बाबांनी रेडिएटर धुवायला काढला. त्याच दुपारी मला बघायला ठाण्याहून मंडळी येणार होती. ती आली तासभर आधी.

बाबांनी तोवर चांगली चांगली स्थळं वाटेला लावली होती. एकाला फ्यूज बांधता येत नव्हता, दुसरा म्हणे बसल्या जागेवरून पाणी मागतो. हा मुलगा मात्र मी गॅलरीतून पाहिला, आईला हात धरून गटारावरच्या फळीवरून आणताना, आणि मला तो तिथल्या तिथे आवडला. बाबांनी ह्यालाही घालवलं तर मी त्यांच्याशी बोलणारच नव्हते.

त्याचे आईवडील वर चहाला आले. हा शहाणा खालीच थांबला आणि म्हणाला, "काही मदत करू का?"

बाबांच्या बनियनभर गंज होता. रेडिएटरमधलं तांबडं पाणी सोडून, सोसायटीच्या नळाची नळी लावून आतून सगळं खळाळून झालं होतं. आता नवं पाणी भरायचं आणि आत अडकलेली हवा बाहेर काढायची, नाहीतर पाणी फिरत नाही. त्यासाठी इंजिनाला एक छोटा स्क्रू असतो. आमच्या व्हॅनमध्ये तो पुढच्या चाकाच्या वरून हात घालून सापडायचा. सैल केला की बुडबुडे येतात, नुसतं पाणी यायला लागलं की आवळायचा.

हे सगळं बाबांनी त्याला सांगायला हवं होतं. पण जगाला हे ठाऊकच असतं, असा त्यांचा समज. त्यांनी त्याच्या हातात पाना दिला, हनुवटीने चाकाकडे खूण केली आणि आत चढून सीटखालच्या तोंडातून नरसाळ्याने पाणी ओतता ओतता ओरडले, "हं, काढा हवा!"

मुलाने पान्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. पाना खिशात टाकला, घराची किल्ली काढली आणि टायरचा व्हॉल्व्ह दाबला.

फुस्स.

"येतेय, येतेय!" आतून बाबा खूश. "काय साठली होती बघा! थांबू नका!"

तो कसला थांबतो! व्हॅन हळूहळू त्याच्या बाजूला कलली, नरसाळं कलंडलं आणि पाणी बाबांच्या मांडीवर आलं. बाबा उतरले. टायर पार बसला होता.

"अहो, टायरची कशाला काढलीत?"

"तुमी म्हणालात ना, काढा."

"आणि मी म्हणालो असतो चाक काढा, तर?"

"पाना दिलाच होता तुमी," तो म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले. मग खालून बाबांचं हसू ऐकू आलं. ते सहसा हसत नसत. दोघांनी मिळून पायाच्या पंपाने हवा भरली आणि वर आल्यावर बाबा माझ्या कानात म्हणाले, "अडाणी आहे. पण ऐकतो. तुला चालेल?"

चालला. लग्नानंतर सासरी पोचवायलाही तीच व्हॅन निघाली, बाबाच चालवत होते. तळवलीजवळ त्यांनी ती बाजूला घेतली. "गरम झालीय," म्हणाले आणि उतरले. मी पुढेच बसले होते. काटा अर्ध्यावरही नव्हता. ठाणं जवळ आलं होतं, एवढंच. बाबा पाठ करून पुढच्या चाकापाशी उभे राहिले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. मलाही रडू आवरेना.

मुंडावळ्या सावरत हे खाली उतरले, त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"हवा काढायचीय जरा," बाबा म्हणाले.

"काढू या," हे म्हणाले. "कुठली, बाबा?"