काशम्माच्या हातचं कुंकू

सोलापुरात तेव्हा मुली आपणहून शाळेत जात नसत. घरोघर जाऊन त्यांना बोलवून आणावं लागे, आणि त्यासाठी शाळेनं काशम्माला ठेवलं होतं. नवरा गेलेली, पद्मशाली विणकरांतली बाई, मोकळं कपाळ, खणखणीत गळा. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून "चला गं, शाळा!" म्हणाली की दारं उघडत. आईबाप पोरी पाठवत ते तिच्याच भरवशावर.

त्या साली शाळेच्या संमेलनात नाटक ठरलं आणि काशम्मा धास्तावली. नाटकात एका मुलीनं विधवा व्हायचं होतं, भर रंगमंचावर कुंकू पुसायचं होतं. शिकलेल्या बायकांना त्यात सुधारणा दिसली. काशम्माला बंद होणारी दारं दिसली. तालमींचा बोभाटा होताच दोन घरांनी पोरी काढूनही घेतल्या.

भूमिका अखेर वच्छलाच्या गळ्यात पडली. गिरणीकामगाराची ही मुलगी सातवीत होती. सातवीची फायनल परीक्षा पास झाली तर मास्तरीण होणार. दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव सांगतानाही पदराचं टोक चावायची. तालमींनी तिला कंठ फुटला. वाचन सुधारलंच, पण गणित अडलं की उभी राहून विचारू लागली. बाहेर पायरीवर बसलेल्या काशम्माला ते ऐकू येई, आणि बरंही वाटे.

वच्छलाची आई मथुराबाई मात्र बजावून गेली होती. "लगीन ठरलंय तिचं, मोहोळला. पोरीचं कपाळ रिकामं झालेलं मला चालायचं न्हाय. काशम्मा, तुमच्या जिवावर सोडते."

संमेलनाच्या दुपारी पडद्यामागे काशम्मानं तोड काढली. कपाळावरचं पुसलं तरी केसांखाली, कुणाला दिसणार नाही असं, एक बोट कुंकू राहू द्यायचं. पण लावायचं कुणी? बाकीच्या बायका पाहुण्यांची उठबस करण्यात गुंतलेल्या. वच्छलाचे हात तोंडाला फासायच्या सफेद्यानं भरलेले.

"लाव की गं पटकन!" वच्छला म्हणाली.

"माझा हात नको, पोरी."

"तुझ्या हाताला काय धाड भरलीय?"

घंटा झाली. काशम्मानं करंड्यात बोट बुडवलं. किती वर्षांनी, ते तिचं तिला ठाऊक. कुंकू जरा जास्तच लागलं.

नाटक झकास झालं. वच्छलानं कुंकू पुसलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांचे हात आपापल्या कपाळाकडे गेले. टाळ्या अंमळ उशिरा पडल्या.

दुसऱ्या दिवशी वच्छलाचं दार उघडेना. काशम्मानं पुन्हा हाक मारली, तशी मथुराबाई कडाडतच बाहेर आली.

"शाळा संपली तिची! मोहोळचा माणूस आलाय सांगायला. होणारा जावई तापानं फणफणलाय, शुद्ध न्हाय. पुसून आली नव्हं कपाळ, घ्या आता!"

आत वच्छला हुंदके देत होती. परीक्षा महिन्यावर आली होती. एकदा घरी बसवलेली पोरगी परत येत नाही, हे काशम्माइतकं कुणाला ठाऊक असणार?

"रिकामं नव्हतं कपाळ," ती म्हणाली. "केसांत कुंकू होतं. मी लावलं."

मथुराबाईचा चेहरा उतरला. "तू? तुझ्या हातानं?"

"माझ्याच. नाटकाला बोल लावू नको, बाई. काय बोलायचं ते मला बोल. पोरीला परीक्षेला बसू दे."

"रांडमुंड कुठली! परत या दारात दिसलीस तर बघ!"

"आई, मी परीक्षेला बसणार!" वच्छला आतून म्हणाली. आवाज नाटकातला. अख्ख्या चाळीनं ऐकला.

मथुराबाईनं मग पोरीला परीक्षेला अडवलं नाही. राग काढायला तिला माणूस मिळालं होतं. शाळेवरचा राग तेवढा निवला.

काशम्माची नोकरी मात्र गेलीच. तिला बघून बायका पोरींना आत ओढू लागल्या, वाटेवरून बाजूला होऊ लागल्या. हेडबाईंना फार वाईट वाटलं. वाईट वाटून त्यांनी दुसरी बाई ठेवली.

मोहोळचा मुलगा परीक्षेआधीच उठून बसला. विहिरीच्या घाण पाण्याचा ताप होता तो, दुसरं काही नाही. या हातानं आजारी पडला तर याच हातानं बरा झाला असेल, एवढं एकाही शहाणीला सुचलं नाही.

परीक्षेच्या सकाळी वच्छला काशम्माच्या दाराशी थांबली.

"काशम्मा! चला गं, शाळा!"

काशम्मा उठली आणि तिनं आतून कडी घातली. समोरच्या खिडक्या उघडल्याचं तिला ऐकू आलं. आज हिला इथं कुणी पाहिलं आणि उद्या मोहोळला नुसती शिंक आली, तरी सगळं पुन्हा सुरू.

हाक पुन्हा आली, आधीपेक्षा मोठी.

"गप, पोरी," दाराला कपाळ टेकवून काशम्मा पुटपुटली. "गप. जा."