वनिताने कापलेली नावं

वनिता गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, ते मोबाईलवर वाजलं. सकाळी भाकऱ्या थापत होते. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला म्हणून पिठाच्या बोटाने उघडला, तर तिचा फोटो, भोवती लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या, वरून पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या आणि मागे रडकी बासरी. खाली व्हिडिओ बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर. अलिबागला क्लासला जाताना ती एसटी स्टॉपवरच कोसळली होती. तिला अजून घरीसुद्धा आणलं नव्हतं, आणि ह्या माणसाने बासरी लावून स्वतःची जाहिरात उरकली होती! रडू यायच्या आधी मला किळस आली. आज इतके आठवडे झाले, तरी वनिता आठवली की आधी ती बासरी कानात शिरते. याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.

वनिता माझी पहिलीपासूनची मैत्रीण. थळला आमची घरं पाठीला पाठ लावून. मी लग्न होऊन दोन आळ्या पलीकडे गेले, तिने लग्न केलं नाही. अलिबागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि घरी ती आणि तिची हिराआत्या, अशा दोघीच. हिराआत्या धवलारीण. आमच्याकडे लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. तेल, हळद, बाशिंग, प्रत्येक विधीचा तिचा वेगळा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, आणि प्रत्येक धवल्यात नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, आईबापांची नावं गुंफायची. ज्याचं नाव घेतलं त्याचं लग्न लागलं, असा साधा हिशेब. आत्याचा आवाज म्हणजे... काय सांगू? बारीक, किंचित कातरा, पण मांडवात उठला की कुजबुजणाऱ्या बाया आपोआप गप्प व्हायच्या. निदान पूर्वी व्हायच्या.

आत्याचं वय झालं, गळा लवकर थकायला लागला, तसं वनिताच्या मनाने घेतलं की पोरीबाळींनी हे शिकून घेतलं पाहिजे. पण आत्या हट्टी. मांडव नसताना धवला गायची नाही म्हणजे नाही. मग उरले ते लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ, शूटिंगवाल्यांनी इंटरनेटवर चढवलेले. ते आम्ही दोघींनी तिच्या खोलीत बसून पाहिले आणि मी अक्षरशः विटले. ड्रोनमधून दिसणारा मांडव, हळू चालीत हसणारी नवरी, आणि धवला गाणारी आत्या कुठे तरी कोपऱ्यात क्षणभर, तीही तिच्या कपाळावरून शूटिंगवाल्याचा नंबर सरकत असताना. नवरीला हळद लागतेय आणि मध्येच एक गुटगुटीत गृहस्थ गुडघ्याचं तेल विकायला उभा! मी म्हटलं, "बंद कर, ओकारी येते मला." वनिता हसली. "सुमे, चित्र ओतून टाकू. आवाज तेवढा ठेवू."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. सोडे वाळवायला कोलंबी सोलत बसलेल्या बायांचे हात सकाळभर ओले, त्यांनी फोन धरायचा कसा? नुसता आवाज पेनड्राइव्हवर दिला, तर तो लहानशा स्पीकरला लावून काम करता करता कानावर पडेल, पडता पडता पाठ होईल. म्हणून तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी शेजारी बसून पाहिलंय. काळ्या खिडकीत ती व्हिडिओचा पत्ता चिकटवायची, एंटर दाबायची, पांढरी अक्षरं भराभर वर पळायची आणि नारळाचं दूध गाळावं तसं चित्र मागे ठेवून आवाज फाइलमध्ये येऊन पडायचा. पहिल्यांदा फाइल अर्ध्यात तुटली. मग मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. सगळं निस्तरल्यावर फायलींना 'सुपरहिट धमाका' असली नावं लागायला लागली, तेव्हा मात्र ती स्वतःच चिडली आणि एकेक ऐकून नावं लिहीत बसली... तेल, हळद, बाशिंग. आत्याला ऐकवलं तर ती म्हणाली, "माजाच हाय गो आवाज. शिकू दे पोरींना." महिन्याभरात वाडीतल्या पोरी कोलंबी सोलता सोलता धवले गुणगुणायला लागल्या. त्या दिवसांतली वनिता मला आठवायला आवडते. चालताना पावलं जमिनीला लागत नसत तिची.

आणि मग आमच्याच आळीतलं ते लग्न आलं. आत्याला कुणी बोलावणं केलं नाही. आम्हाला वाटलं, दुसऱ्या गावची धवलारीण आणली असेल. हळदीला मांडवात जाऊन बसलो तर डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून आत्याच्या आवाजात धवला सुरू झाला. आमच्याच पेनड्राइव्हवरचा! खुर्चीत हळद माखलेली नम्रता बसलेली, आणि धवला हळद लावत होता कुण्या प्रणालीला. प्रणालीचं नाव, प्रणालीच्या नवऱ्याचं नाव, तिच्या आईबापांची नावं. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. बाया गजरे सारखे करत होत्या, पोरं मोबाईल उंच धरून शूटिंग करत होती, आणि नम्रताची आई पाहुण्यांना सरबत हवं का विचारत फिरत होती. स्वतःच्या लेकीच्या हळदीत परक्या पोरीचं नाव गाजतंय आणि आईच्या कानापर्यंत ते पोचत नाही, याची मला जेवढी घृणा वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटलेली नाही.

वनिता उठली, माणसांतून वाट काढत डीजेपाशी गेली आणि तिने पेनड्राइव्ह ओढून काढला. मुलीचा काका धावत आला. "अगो, काय झाला तुना? आवाज तं आत्याचाच हाय ना? म्हातारीला कशाला तरास द्यायचा?" वनिता पेनड्राइव्ह मुठीत धरून मांडवाबाहेर पडली, मी तिच्या मागे. घरी आलो तर आत्या अंगणात बसलेली. तिने सगळं ऐकलं होतं; त्या स्पीकरपुढे न ऐकून जाणार कुठे? ती एवढंच म्हणाली, "मी जित्ती हाय आन् माजा आवाज मांडवान एकलाच फिरतंय. लगीन कोनाचा लागला गो वनिते?" त्यानंतर आत्याने धवला गायचं सोडलं. बोलावणी आली तरी जाईना. वनिताने रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. आत्या भिंतीकडे तोंड करून निजायची.

वनिताने पेनड्राइव्ह घरोघरी जाऊन परत मागितले. काहींनी दिले, काहींनी हरवला म्हणून सांगितलं. मग ती पुन्हा कॉम्प्युटरला बसली आणि एकेका फाइलमधली नावं कापली. नाव यायचं तिथे आता शांतता. सूर थांबतो, श्वासभर जागा सुटते, पुढची ओळ सुरू होते. "आता वाजवा म्हणावं," ती म्हणाली, "नावं घ्यायला तोंड लागेल कुणाचं तरी." वाडीतल्या पोरी त्या जागा भरत शिकू लागल्या, पण आत्याने त्या फायली कधी ऐकल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात मला फोन आला. बासरीवालाच. "ताई, वनितामॅडमच्या फायली हायेत ना, त्यान मधी मधी गॅप हाय. फुल कॉपी भेटेल का? लग्नाचा सीझन आलाय." मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि थेट तिच्या खोलीत गेले. चार्जर अजून भिंतीत, खुर्चीच्या पाठीवर तिची ओढणी. कॉम्प्युटर लावून हळदीच्या फाइलवर बोट दाबलं. तिथे मला वनिता सापडेल असं वाटलं होतं, पण सुरू झाली ती आत्या... आणि पहिली जागा आली. दाराशी चाहूल लागली. हिराआत्या चौकटीला धरून उभी होती. स्पीकरमधला तिचा आवाज थांबला आणि तिच्या तोंडून, अगदी सुरात, नाव आलं: वनिता.

ओळ पुढे गेली. मग नवऱ्याच्या नावाची जागा आली. आत्या गप्प राहिली, मी गप्प राहिले, आणि धवला पुढे सरकला.