नानांना 'ना' म्हणताना

आमच्या पलंगावर लग्नानंतर मी फारसा झोपलेलो नाही.

गैरसमज नको. बायकोची तक्रार नव्हती. पलंगावर पाहुणे असायचे. खान्देशातली गाडी सुरत स्टेशनात थांबते, असा लोकांचा समज आहे. नव्वदच्या दशकात ती थेट बमरोलीतल्या आमच्या खोलीपाशी थांबायची! कुणी मिलमध्ये काम शोधायला येई, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, आणि माझ्या वडिलांचे मावसभाऊ नाना नुसतेच. नाना आले की पंख्याखालचा एकुलता एक पलंग त्यांचा आणि मी पलंगाखाली. त्यांच्या घोरण्यापुढे शेजारच्या कारखान्यातले लूम लाजून बंद पडत. (निदान मला तरी ते ऐकू येत नसत.)

शेवटी बायको, सुमन, म्हणाली, "या खेपेला नानांना नाही म्हणा. नाहीतर त्यांच्याशीच संसार करा, मी अमळनेरला माहेरी चालले."

आता 'नाही' हा शब्द माझ्या तोंडातून पुरता निघत नाही. 'ना' बाहेर येतो, 'ही' पोटातच राहते. ही अडचण शेजारच्या चंपकभाईंना सांगितली. ते लोचो, म्हणजे डाळीचा तो वाफाळता सुरती नाश्ता, खात होते.

"तमारी मराठीमां ज लोचो छे," ते बोट चाटत म्हणाले. "गुजरातीमां फक्त 'ना'. अने ना एटले ना."

अर्ध्या शब्दात काम! दाढी करताना आरशासमोर छाती काढून सराव सुरू केला. "ना. ना. ना, ना, ना."

मागे दारात पिशवी आपटली.

"काय भो, मी उंबऱ्यात नाही तोच माझा जप?" नानांचे डोळे पाणावले होते. "सख्खा पोरगा माले इतक्या हाका मारत नही."

मी तोंडावरच्या साबणासकट पाया पडलो.

जेवण झाल्यावर नाना पलंगावर पसरले. "महिनाभर राहीन म्हणतो. चालेल?"

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. मी डोळे मिटले. "ना... ना..."

"हां, बोल की. ऐकतोय."

"म्हणजे, तुम्ही राहू..."

"राहू ना?"

"ना," मी ठणकावलं.

"झालं तर मग," म्हणत नानांनी कूस बदलली.

आत सुमनने लाटणं असं आपटलं की पोळीचा पापड झाला. वर नानांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावी कळवलं की पुतण्या नावाचा जप करतो, तुम्हीही या. नानी आल्या. नानींचा भाऊ आला. मी पलंगाखालून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात आणि जिन्यातून चंपकभाईंच्या दुकानात कापडाच्या ताग्यांवर सरकलो. आणखी एक पाहुणा आला असता तर थेट भेस्तान स्टेशनात पोचलो असतो.

आणि सुमनने माहेरची पेटी काढली.

मी तिच्या हातापाया पडलो. तिने माझ्याकडे बघितलं, पेटी पुन्हा माळ्यावर टाकली आणि बाहेर येऊन गोड आवाजात म्हणाली, "नाना, नळ आलाय. तेवढं पाणी भरा ना."

नानांनी भरलं. सून लाडाने सांगतेय, नाही कसं म्हणणार?

"नाना, दळण आणा ना. नाना, रॉकेलच्या रांगेत उभे राहा ना. नानी, तुम्ही गहू निवडा ना. मामा, तुम्ही भांडी विसळा ना."

आठवडा उलटायच्या आत नाना पिशवी भरू लागले. "चालतो भो. गावाकडे निदान आराम तरी शे."

तेच अक्षर! माझ्या 'ना'ने माणसं राहायला आली, तिच्या 'ना'ने गेली.

त्या दिवशी मी पलंगावर, पंख्याखाली, ऐसपैस आडवा झालो. सुमन दळणाचा डबा घेऊन समोर आली. "अहो, नाना गेले. आता तुम्ही जाऊन या ना."

आयुष्यात पहिल्यांदा माझा कणा ताठ झाला. माणसाला काही स्वाभिमान असतो. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "ना. ना."

"आता हाका मारून काय उपयोग," ती डबा माझ्या पोटावर ठेवत म्हणाली. "त्यांची गाडी केव्हाच सुटली."

गिरणीत रांग मोठी होती.