वरचा उजवा कोपरा

माझ्या सहीखाली आजवर एकही खोटे वाक्य गेलेले नाही. हे मी म्हणत नाही. आमच्या मंडळाने यंदा मला मानपत्र दिले, त्यात तसे छापले आहे — सोनेरी शाईत, वेलबुट्टीच्या चौकटीत. मजकूर तपासला तर तो बरोबरच आहे. वाक्य नव्हतेच ते. एक शब्द होता.

त्या शब्दाबद्दल मी कुणाशी कधी बोललेलो नाही. मुलाशी नाही, मंडळात नाही. पत्नी असती तर तिला सांगितले असते, असे मी अधूनमधून स्वतःला बजावतो. पण ती होती तेव्हाही मी तिला फारसे काय सांगत असे? तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यापेक्षा चांगले कारण सुचले तर लिहीन.

आधी मंडळाबद्दल. च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डे निघत, ती आठवत असतील तुम्हाला. आपण सगळ्यांनीच ती जमवली आणि सगळ्यांच्याच आयांनी ती रद्दीत घातली. काहींची वाचली. हैदराबादेत अशी वाचलेली कार्डे बाळगणारे आम्ही वीस-बावीस जण आहोत — सगळे चष्मेवाले, निम्मे मधुमेही — आणि दर रविवारी संध्याकाळी बरकतपुऱ्यात एका शिकवणीच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर, गुडघे कसेबसे आत सारून बसतो. फळ्यावर कुणीतरी सोडवलेले त्रिकोणमितीचे गणित असते. खाली आम्ही, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गंभीर चर्चा करत.

कार्डांना गुण देण्याचे काम माझ्याकडे आले. मी जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होतो. उर्दू आणि तेलुगू कागदांचे इंग्रजी करायचो. दुसऱ्यांचे खोटे अचूक उतरवून देण्यात माझी एकतीस वर्षे गेली, त्यामुळे मी नि:पक्षपाती असणार असा मंडळाचा समज झाला. पद्धत सोपी आहे. दहापैकी गुण. चार गोष्टी पाहायच्या — चित्र मधोमध छापले आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा सोललेल्या नाहीत ना, आणि पृष्ठभागावर ओरखडे किंवा दुमड आहे का. कार्ड खिडकीजवळ धरून, तिरक्या उजेडात, भिंगाखाली. मग अहवाल लिहायचा आणि कार्ड पारदर्शक डबीत कायमचे बंद करायचे. डबी फोडल्याशिवाय पुन्हा कुणाला हात लावता येत नाही. वर आकडा आणि माझी सही.

दुमड असेल तर तिचे वयही लिहावे लागते. हे मीच सुरू केले. ताजी दुमड पांढरी दिसते, कारण वरचा रंग फाटून आतला कोरा पुठ्ठा उघडा पडतो. जुन्या दुमडीत वर्षानुवर्षांची धूळ बसते आणि ती करडी होते. त्यावरून कळते की इजा मालकाकडे कधीतरी झाली, की तपासणीत झाली. म्हणजे माझ्याकडे. त्यासाठी आमच्या वहीत एक रकाना आहे — ‘तपासताना झालेली इजा’. तोही मीच आखला, लाल शाईने. तो रकाना पहिल्या पानापासून कोरा होता, आणि त्या कोरेपणाचा मला जेवढा अभिमान वाटे तेवढा कशाचाच वाटत नसे. माणसाला शेवटी कशाचा तरी अभिमान लागतो. मुलगा परदेशात स्थिरावल्याचा अभिमान असतो, पण तो तीन महिन्यांत जुना होतो.

हमीदभाई मलकपेठेत राहतात. वीज खात्यातून निवृत्त. मी वकील नाही हे त्यांना पन्नासदा सांगून झाले, तरी मी त्यांचा ‘वकीलसाब’. मंडळातला माझा एकच खरा मित्र. त्यांच्या पत्नी रझियाभाभी घरी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. त्या घरात माझा बिनसाखरेचा चहा न सांगता वेगळा होत असे. ही गोष्ट लहान वाटते ना? एकट्याने राहून बघा.

चार वर्षांपूर्वी हमीदभाईंनी त्यांच्याकडचे सर्वांत जपलेले कार्ड मला आणून दिले. शाळेत असताना मिळालेले, बिस्किटांच्या डब्यात, मलमलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले. तो तुकडा भाभींनीच दिलेला. डब्यात कडुनिंबाचा पाला दरवर्षी त्याच बदलत.

“नौ आएगा ना, वकीलसाब?”

“देखेंगे.”

“देखेंगे नक्को बोलो. डॉक्टरां बोलते वैसा लगता.”

नऊ आले असते. मी रविवारी सकाळी ते खिडकीपाशी धरले आणि खरे सांगतो, इतक्या वयाचे इतके निकोप कार्ड माझ्या हातात त्याआधी आले नव्हते. चारही कोपरे सुईसारखे. मी आकडा मनात ठरवला. मलमलीतून काढून डबीच्या खाचेत सरकवायचे, एवढेच राहिले होते — आणि फोन वाजला.

मुलगा रविवारी सकाळी फोन करतो. चार मिनिटे, कधी पाच. उचलायला उशीर झाला तर त्याला वाटते मी झोपलो आहे, आणि मग पुढच्या रविवारी. मी उजव्या हाताने कार्ड ढकलत डाव्या हाताने फोन घेतला. खाचेच्या तोंडाशी कोपरा अडला. आवाज झाला नाही. बोटाला कळले फक्त.

फोन मुलाचा नव्हता. शहराबाहेर प्लॉट विकणारी एक मुलगी होती. मी तिचे सगळे बोलणे ऐकून घेतले. का, ते माहीत नाही. बहुधा फोन ठेवला की खाली बघावे लागणार होते.

वरचा उजवा कोपरा. तांदळाच्या दाण्याएवढी दुमड, शुभ्र पांढरी.

आता तुम्ही म्हणाल, अपघात होता. होताच. तो मी कबूल करायला बसलेलो नाही. हमीदभाईंना सांगितले असते तर ते काय म्हणाले असते हे मला तेव्हाही माहीत होते — “जाने दो साब, पुठ्ठा है” — आणि मग चहा. तरीही मी वही उघडली. तो लाल रकाना बघितला. कितीतरी पानांचा कोरेपणा. आणि अहवाल लिहिला: कोपरा, वरचा उजवा — दुमड, जुनी. गुण पाच.

जुनी. हा तो शब्द.

संध्याकाळी हमीदभाईंनी डबी हातात घेतली, आकडा पाहिला. मग अहवाल वाचला. “पुराना है बोलके लिक्खे आप,” एवढेच म्हणाले. दुमडीकडे त्यांनी पाहिलेच नाही. आमच्यात कुणीच पाहत नाही. एकदा डबी बंद झाली की सगळे आकडा बघतात. कार्ड बघायला भिंग असलेला माणूस नेमलेला आहे ना? आमच्यापैकी कुणीही, अगदी कुणीही, तो कोपरा नीट बघितला असता तर त्याला कळले असते. पण मंडळात नजर माझी होती. बाकीच्यांनी आपापल्या नजरा माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या.

भाभींनी मात्र दिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात हमीदभाई हसत हसत सांगत होते — हसणे नेहमीसारखे नव्हते — “घर में रझिया बोल रई, ये मोड नवा है बोलके. मैं बोला, तू ब्लाउजां देख, कार्ड वकीलसाब देखते.” मग हळू आवाजात: “डब्बा तो उनेच खोलती थी ना, पाला डालने कू. गिरा होएंगा हाथ से. मैं पूछा. मैं हाथ नइं लगाई बोलती. इत्ते सालां में झूट नइं बोली कब्बी.”

मी काय केले? मी मान हलवली. मान हलवण्याचा काहीही अर्थ होऊ शकतो. भाषांतरकाराला हे कळते.

आता ते सांगतो, ज्यासाठी इतका वेळ फिरतो आहे.

त्यानंतर मी मलकपेठेत चहाला गेलो. एकदाच. हमीदभाई नमाजला गेले होते, येतीलच म्हणून मी बसलो. भाभींनी चहा ठेवला, माझा बिनसाखरेचा. गळ्यात मोजपट्टी, बाहीला टाचण्या. मग आतून ती डबी आणली आणि माझ्यासमोर धरली. रागावल्या नव्हत्या. शिवणाऱ्या बाईला कापडाची घडी कालची की दहा वर्षांपूर्वीची हे बघताच कळते. त्यांना फक्त कुणीतरी, ज्याचे घरात ऐकले जाते अशा कुणीतरी, तसे म्हणायला हवे होते.

“भाईसाब, पुराना मोड इत्ता सफेद रहता क्या?”

कोपऱ्यावर खिडकीचा उजेड होता. भिंगाचीही गरज नव्हती. एक शब्द पुरला असता — नइं. दोन अक्षरे. कुणी ऐकत नव्हते, मंडळ नव्हते, वही नव्हती. तिथे मी वाचवत तरी काय होतो?

“कब्बी कब्बी रहता, भाभी,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितले. मग “अच्छा” म्हणाल्या आणि डबी आत ठेवून आल्या. त्यांना कळले का? मला वाटते, कळले. मला वाटते त्या क्षणी त्या घरात सत्य फक्त आम्हा दोघांना माहीत होते, आणि त्यांनी ते मला चहाबरोबर घेऊन जाऊ दिले.

हमीदभाईंनी डबा कुलूपबंद कपाटात हलवला. किल्ली त्यांच्या खिशात असते. कपाटाची खोली आता ते स्वतः झाडतात. हे त्यांनीच सांगितले, पाठ दुखते म्हणून तक्रार करताना. भाभी त्या खोलीत जात नाहीत. भांडण नाही. फक्त जात नाहीत. मी मलकपेठेत जात नाही. हमीदभाई बोलावतात, मी गुडघ्यांचे नाव पुढे करतो. गुडघे खरोखरच दुखतात. खोटे बोलायला खऱ्या गोष्टी किती उपयोगी पडतात. रविवारी सकाळी फोन येतो. चार मिनिटे. इतर दिवशी मी चहा स्वतः करतो आणि बहुतेक वेळा त्यात साखर घालतो.

मानपत्राच्या कार्यक्रमाला हमीदभाई बोलायला उभे राहिले. ती डबी सोबत आणली होती. “मेरा सबसे प्यारा कार्ड,” ते म्हणाले, “और वकीलसाब पाँच दिए. दोस्त कू पाँच देने कू जिगर लगता.” टाळ्या झाल्या. बाकांवर बसून वाजवलेल्या टाळ्या मोठ्या वाटतात. मी विचारले, भाभी नाही आल्या? “उनकू ब्लाउजां देना है आज,” ते म्हणाले, आणि सगळ्यांना दिसावी म्हणून डबी माझ्या हातात दिली.

सवयीने मी वरचा उजवा कोपरा तिरक्या उजेडात धरला. डबी चांगल्या प्रतीची निघाली. चार वर्षांत आत धूळ गेलेली नाही.