डाव्या बाजूचा आरसा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. फुगा बसला की त्याला कुठेतरी बारीक भोक असतं आणि शोधलं की सापडतं, या विचारांचा माणूस. पण गेल्या वर्षी माझ्याच घरात, लख्ख उजेडात जे घडलं, त्याचं कारण मला अजूनही सापडलेलं नाही...

मला ट्रकची मॉडेल्स बनवायचा नाद आहे. तयार किट नाही हं – सनबोर्ड कापायचा, बाटल्यांच्या झाकणांची चाकं करायची, तांब्याची तार वाकवायची, आणि सगळं खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या मापात. बायको म्हणते, "केस पिकले, पण गाड्या गाड्या खेळणं काही सुटत नाही तुमचं." म्हणते, आणि रिकामी झाकणं तीच जपून ठेवते.

नाद बाबांमुळे लागला. आमचं गाव उधवा, तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून. बाबा एका शेठचा ट्रक चालवायचे. ट्रक आमच्या घरापुढे रस्त्याच्या कडेलाच उभा असायचा. फेरीवर निघाले की आई आंब्याखाली येऊन उभी राहायची आणि ट्रक वळणाआड गेला की मगच घरात यायची. बाबांचा एक नियम होता – चाकाखाली लिंबू फोडून गाडी एकदा हलली, की दारात पुन्हा थांबवायची नाही. काही विसरलं तर विसरलं.

शेवटच्या फेरीला आईलाच उशीर झाला. भाकऱ्यांचा डबा भरून ती बाहेर आली, तोवर गाडी सुटली होती. डबा घेऊन ती आंब्यापर्यंत धावली, हाका मारल्या. ट्रक थांबला नाही, थांबणारही नव्हता. त्याच फेरीत, वाटेतल्या एका ढाब्यावर बाबांच्या छातीत दुखायला लागलं आणि ते गेले.

मी आईला डहाणूला घेऊन आलो. तिने भाकरी खाणं सोडलं. भात खायची, तोही चिमणीएवढा. दिवसभर गॅलरीच्या दाराशी खाटेवर बसून राहायची आणि मध्येच विचारायची, "मी दिसले असेन का रे त्यांना?"

"दिसलीच असशील ना आई," मी म्हणायचो.

"तू होतास तिथं?" ती विचारायची. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती आणि मला भीती वाटायला लागली होती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी बाबांचा ट्रक बनवायला घेतला. काचेच्या वर 'महालक्ष्मी प्रसन्न', पुढे लिंबू-मिरची, मागे काळी चप्पल, काही सोडलं नाही. आरशांना वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी कागद लावला. नखाएवढे आरसे, पण चेहरा दिसायचा त्यांत. ट्रक हॉलमधल्या टेबलावर ठेवला आणि कामावर गेलो.

संध्याकाळी आलो तर डावा आरसा बाहेर वळलेला. अशा आरशात ड्रायव्हरला मागची चाकं दिसणारच नाहीत, दिसलीच तर रस्त्याकडेची झुडपं. मी तो सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"तू हात लावलास का?" मी बायकोला विचारलं.

"मला नाही का कामं?"

आई तर खाटेवरून उठतच नव्हती. म्हटलं, तांब्याची तार आहे, उन्हाने सैल पडत असेल. तार काढून स्टीलची टाचणी घातली, सुपरग्लू लावला. तरी आरसा वळला, आणि ग्लू कुठे साधा तडकलाही नव्हता! मग ट्रक उचलून फ्रीजवर ठेवला. तिथे आरसा आणखी जास्त बाहेर वळला... आता मात्र माझ्या अंगावर काटा आला.

रविवारी सकाळी मी स्टुलावर चढलो आणि केबिनच्या ड्रायव्हरकडच्या खिडकीला डोळा लावला. म्हटलं, बघू तरी यातून दिसतं काय. पलीकडच्या त्या एवढ्याशा आरशात जांभळा ठिपका होता. मी मान वळवली. खाटेवर आई बसली होती, जांभळ्या लुगड्यात. ट्रक पुन्हा टेबलावर ठेवून बघितलं, तर हात न लावता आरसा फिरलेला, आणि आतून पुन्हा आईच!

"काय बघतोस रे सारखा?" आईने विचारलं.

"काही नाही गं. हा आरसा सारखा बाहेरच वळतोय."

आई उठली. कितीतरी दिवसांनी आपणहून उठली. टेबलापाशी आली, वाकली आणि त्या आरशाला नुसतं बोट लावलं.

"ते असाच ठेवायचे," ती म्हणाली. "निघताना डावा आरसा माझ्याकडं वळवायचे. मी झाडाखाली उभी असायची ना. वळणापर्यंत मला बघत जायचे. वळण गेलं की क्लीनरला सांगून सरळ करून घ्यायचे. कोणाला बोलले नाहीत कधी. लाजायचे."

हे मला खरंच माहीत नव्हतं. ट्रकचा प्रत्येक नट मी मापाने केला होता, पण हे कुठल्या मापात बसणार?

"म्हणजे दिसले मी," आई म्हणाली. "डबा घेऊन धावले ते दिसलं त्यांना." आणि पदर तोंडाला लावून ती रडली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मलाही आवरेना, बायकोही रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आरसा सरळ झालेला. अगदी मी केला होता तसा, मागच्या चाकांकडे. मी घाईघाईने आईला बोलावलं. वाटलं, आता ती पुन्हा खचणार.

आईने शांतपणे पाहिलं.

"वळण आलं असेल रे," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचं पीठ मळायला बसली. त्या दिवशी तिने आमच्याबरोबर भाकरी खाल्ली.

त्यानंतर तो आरसा हललेला नाही. ऊन, दमट हवा, ग्लू, टाचणी, सगळं तपासून झालं. तुमच्यापैकी कोणाला पटेलसं कारण सापडलं तर मला जरूर कळवा. फक्त आईसमोर बोलू नका.